बाल्कनी बघण्याचा कार्यक्रम

माझ्या नाकावर राग असतो. लपवून उपयोग नाही, शोळिंगनल्लूरच्या आमच्या ऑफिसात कुणालाही विचारा. कोल्हापूर सोडून इथे आले तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत तमिळ शिकले, ती केवळ रिक्षावाल्यांशी भांडता यावं म्हणून. प्रेमाचे चार शब्द नंतर शिकले.

त्यात मी एकाच वेळी घरमालकीणही आहे आणि भाडेकरूही. पेरुंगुडीला माझा स्वतःचा फ्लॅट आहे, जुन्या तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो भाड्याने दिलाय आणि मी सिरुसेरीला दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहते, कारण नवऱ्याचं ऑफिस तिकडे. त्यामुळे सकाळी मी भाडेकरू म्हणून तावातावाने भांडते आणि संध्याकाळी मालकीण म्हणून गोड बोलून टाळाटाळ करते. दोन्ही कामं मला छान जमतात.

पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये राहतात ते काका-काकू तंजावरचे मराठी. काका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या मराठी बोलतात, पण महाराष्ट्र दोघांनीही पाहिलेला नाही. आम्ही 'मला' म्हणतो तिथे काकू 'मज' म्हणतात, आणि वाक्याच्या शेवटी तमिळ पद्धतीने प्रेमाचा 'मा' जोडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. काकूंनाही माझी मराठी ऐकून हसू येत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

काकूंचे गुडघे गेलेले. दोन जिने उतरणं म्हणजे त्यांना संकट. दवाखाना सोडला तर वर्षभरात त्या खाली गेलेल्या नाहीत. पण त्यांचं काही अडत नव्हतं, कारण त्यांना बाल्कनी होती. सकाळी सहाला वेताची खुर्ची टाकून बसायच्या. खालून कीरैवाली, म्हणजे पालेभाजीवाली, ओरडली की दोरीने टोपली खाली सोडायच्या, जुडी वर ओढून बघायच्या, आवडली नाही तर तशीच परत पाठवायच्या. कोणाची मुलगी शाळेला उशिरा निघाली, कोणाच्या सुनेने नवी स्कूटर घेतली, कोणाचा नवरा सिगरेट ओढायला कोपऱ्यावर येतो, सगळी बित्तंबातमी. अख्खी गल्ली त्यांच्या ताब्यात होती म्हणा ना!

आणि नेमकं त्याच बाल्कनीवर गंडांतर आलं. मागच्या गल्लीत एका जुन्या इमारतीची बाल्कनी कोसळली. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. त्यानंतर आमच्याही इमारतीला महापालिकेची नोटीस आली: प्रत्येक फ्लॅटमालकाने स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बाल्कनी तपासून घ्यायची, सांगेल ती दुरुस्ती करायची आणि दाखला सादर करायचा. फ्लॅट भाड्याने दिलेला असला तरी जबाबदारी मालकाची. मुदतीत दाखला नाही, तर बाल्कनीचं दार फळ्या ठोकून बंद.

मी काकांना फोन केला. शनिवारी दहा वाजता इंजिनिअर येणार, बाल्कनी जरा मोकळी करून ठेवा, एवढंच सांगितलं.

नोटिशीची बातमी काकूंना गल्लीतून आधीच कळली होती. मागून त्यांचा आवाज आला, "दार बंद करतात काय मा? मग मज तंजावरला नेऊन सोडा. भिंतीकडे बघत बसून मज मरायचं नाही."

"काही बंद होत नाही काकू. मी आहे ना!" मी म्हणाले. मी असल्यामुळेच सगळा घोळ होता, हे तेव्हा कुठे माहीत होतं.

शनिवारी पावणेदहाला पोहोचले आणि दारातच थबकले. उंबऱ्यासमोर ताज्या पिठाचं भलंमोठं कोलम, म्हणजे इथली रांगोळी. दाराला आंब्याची पानं. काकू रेशमी साडी नेसून, वेणीत मोगरा माळून खुर्चीवर. स्वयंपाकघरातून तुपाचा वास. या भागात मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा सोज्जी-बज्जी करतात, म्हणजे गोड शिरा आणि भजी. आपल्याकडे कांदेपोहे असतात तसं. टीपॉयवर दोन्ही मांडलेलं होतं.

"काका, हे काय?"

"घर बघायला मनुष्य येतं आहे मा. तुमच्या घराचा मान आहे."

आणि मग मी बाल्कनी पाहिली. अरे देवा! सगळी पांढरीशुभ्र. भिंत, कठडा, तळ, वरचा स्लॅब, जिथे हात पोहोचेल तिथे रंग. गज रुपेरी. एक भेग दिसेल तर शपथ. काकांनी दोन दिवस खपून सगळ्या भेगांत पुट्टी भरली होती आणि वरून रंगाचे दोन हात दिले होते. त्यांच्या केसांत अजून पांढरे ठिपके होते, म्हणजे एरवीच्या पांढऱ्या केसांत आणखी.

मला क्षणभर बरंच वाटलं हो. खोटं का बोलू? म्हटलं, चला, दहा मिनिटांत पास.

इंजिनिअर म्हणून आली ती तिशीची मुलगी. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत छोटा हातोडा. काकूंनी बज्जीची बशी पुढे केली, ती म्हणाली, आधी काम. काकूंचा चेहरा पडला. बघायला येऊन बज्जीला हात न लावणारं स्थळ म्हणजे नकार ठरलेलाच.

मुलीने भिंतीवर बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"रंग कधी दिला?"

"काल संध्याकाळी," काका अभिमानाने म्हणाले.

"का?"

"तुम्ही येणार म्हणून."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. असं पाहिलं की मला चोरी करताना पकडल्यासारखं झालं. म्हणाली, "मॅडम, मालकांची ही युक्ती मला नवी नाही. भाडेकरू म्हाताऱ्यांच्या हातून भेगा बुजवून घ्यायच्या आणि वर चहा-फराळ. मी याला दाखला देणार नाही. झाकलेलं आहे असं लिहून देईन, म्हणजे दार लगेच बंद होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी? मी सांगितलं? मला आज इथे आल्यावर कळतंय!" तमिळ, इंग्रजी, कोल्हापुरी, जे तोंडात येईल त्यात मी सुरू झाले. मी किती प्रामाणिक, मी माझ्या ऑफिसात लोकांच्या चुका कशा शोधून काढते, सगळं. मुलगी शांतपणे वहीत लिहीत होती, त्यामुळे मी आणखी भडकले.

"थांबा मा," काका म्हणाले. ते आत गेले आणि आलेख काढायच्या चौकटीच्या कागदांची एक गुंडाळी घेऊन आले. टीपॉयवरची बशी बाजूला सारून त्यांनी ती पसरली.

बाल्कनीचा नकाशा होता. शिसपेन्सिलीने, पट्टीने आखलेला. प्रत्येक भेग तिच्या जागी, तिची लांबी, कोणत्या सणाला किती होती आणि पुढच्या सणाला किती वाढली. गणिताच्या मास्तरांना दुसरं काय सुचणार! "मी बुजवल्या, माझी चूक. यांचा दोष नाही. पण कुठे काय होतं तें सगळं इथे आहे," ते मुलीला म्हणाले.

दोष नाही म्हणता म्हणता त्यांनी मला पार नागडं केलं. कारण प्रत्येक भेगेशेजारी मोत्यासारख्या अक्षरात एक एक ओळ होती. 'मालकिणीस कळविलें. पोंगलनंतर बघूं म्हणाल्या.' 'मालकिणीस कळविलें. ऑफिसात गडबड आहे म्हणाल्या.' 'मालकिणीस कळविलें. पाऊस थांबूं द्या म्हणाल्या.' 'मालकिणीस कळविलें. हें सगळ्या घरांत असतें म्हणाल्या.' काका, वाचू नका, म्हणेपर्यंत त्यांनी मुलीसाठी तमिळमध्ये अर्थ सांगत चार ओळी वाचून काढल्या. अगदी निर्विकारपणे, वर्गात प्रमेय सिद्ध करत असावेत तसे.

ते फोन मला आठवत होते. नाही म्हणून कसं चालेल? त्यातला पावसाचा फोन आला त्याच दुपारी मी माझ्या सिरुसेरीच्या घरमालकाला, न्हाणीघराचं छत गळतं म्हणून, 'माणसं राहतात इथे, म्हशी नाही' असा मेसेज पाठवला होता. माझा राग एका बाजूलाच वाहतो, हे मला तोपर्यंत कोणी दाखवलं नव्हतं. मी खाली बघत उभी राहिले. शरम वाटली, स्पष्ट सांगते, कानाच्या पाळ्या तापल्या इतकी.

मुलीने नकाशा दोनदा पाहिला. मग हातोडा काढला आणि काकांच्या पेन्सिलीच्या खुणांप्रमाणे ठोकत निघाली. बाहेरच्या कडेला टणटण असा भरीव आवाज. दाराजवळ, जिथे बाल्कनी घराला जोडलेली असते, तिथे एकदम बद्द आवाज आला. तिने पुन्हा ठोकलं. बद्द. छिन्नीने वरचा थर उडवला. पांढऱ्या रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली भुसभुशीत माती झालेलं काँक्रीट, त्याखाली लोखंडी सळी. सळीला तिने नख लावलं, तर पापुद्रे निघाले. पापड मोडावा तशी ती मोडली.

"इथे कोण बसतं?" तिने विचारलं.

काकूंनी हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा. "मी. रोज."

मुलीने हातोडा खाली ठेवला. मग म्हणाली, "अम्मा, पुढचा पाऊस या बाल्कनीने काढला नसता."

काकांनी काकूंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. मी नवऱ्याशी, बॉसशी, सगळ्या जगाशी भांडते, पण त्या दिवशी भांडायला माणूस शोधला तर मीच सापडत होते.

दार त्याच दिवशी बंद झालं. पण दाखला नाकारून नव्हे, दुरुस्तीसाठी. मुलीने नकाशाची प्रत आपल्या अहवालाला जोडली आणि जाताना तीन बज्ज्या खाल्ल्या, त्यामुळे काकूंना जरा धीर आला. मग खालच्या मजल्यावरून टेकू लागले, तळ फोडला, नव्या सळ्या बांधल्या, नवं काँक्रीट पडलं, त्यावर पाणी मारत राहायचं. दीड महिना. मी दर शनिवारी जात होते, आणि गवंड्याच्या डोक्यावर अशी उभी राहायचे की तो मला बघून मुकाट्याने विडी विझवायचा.

पण काकूंचं बघवत नव्हतं. खालून कीरैवाली ओरडायची, "अम्मा!" आणि काकू बंद दाराकडे तोंड करून आतूनच उत्तर द्यायच्या. ते खाली ऐकू जायचं नाही. मग कीरैवाली पुढे निघून जायची. एका शनिवारी मी धावत जिना उतरून तिला थांबवलं आणि जुडी वर आणली. काकूंनी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "तुम्हांस निवडतां येत नाही मा." पण ठेवून घेतली. पूर्वी असती तर परत पाठवली असती, आणि तेच मला लागलं.

शेवटी काम झालं. मुलगी येऊन सगळीकडे ठोकून गेली, सगळीकडे टणटण. दाखला हातात पडला. काकांनी या वेळी रंगाचा ब्रश लपवूनच ठेवला होता. फळ्या निघाल्या, दार उघडलं, वारा आत आला. मी मोठ्या थाटात म्हणाले, "या काकू, बसा तुमच्या गादीवर!"

काकू उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

पाऊल उचललं, परत मागे घेतलं. त्यांचा हात चौकटीवर घट्ट होता, बोटं पांढरी पडलेली. ज्या जागेसाठी हा सगळा खटाटोप, तिथे त्यांना जायची भीती वाटत होती. कारण आता त्यांना माहीत होतं आपण इतके दिवस कशावर बसत होतो ते. मी दाखला वाचून दाखवला. सही दाखवली, शिक्का दाखवला. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही जा आधी," त्या म्हणाल्या. "घर तुमचं मा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मालकीण झाल्यापासून मी या बाल्कनीत एकदाही धड उभी राहिलेली नव्हते. मी बाहेर पाऊल टाकलं. काठापर्यंत गेले, कठड्याला टेकले, वळले.

"बघा. काही होत नाही."

"उडी मारा."

"काकू!"

"मारा मा."

माझं वजन काही कमी नाही. मी साडी खोचली आणि उडी मारली. खालच्या गल्लीत स्कूटर पुसणाऱ्या गृहस्थांनी वर पाहिलं.

"आणखी एक."

मी आणखी एक मारली. मग न सांगता तिसरी मारली, जीव खाऊन, दोन्ही पाय जुळवून. मला दम लागला, आणि का कोण जाणे डोळ्यांत पाणीही आलं. "काकू, चुकलं माझं," मी म्हणाले. "तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही. काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

काकूंनी चौकट सोडली. एक पाय बाहेर, मग दुसरा. माझा दंड धरून, माझ्यावर सगळा भार टाकून त्या कठड्यापर्यंत आल्या. काकांनी मागून खुर्ची आणली. त्या बसल्या, पदर सारखा केला आणि मान लांब करून माझ्या कमरेच्या डावीकडून, मग उजवीकडून बघायचा प्रयत्न केला.

"चुकलं तें चुकलं," त्या म्हणाल्या. "आतां बाजूला सरा मा, मज खालचं काही दिसत नाही."