बाबांच्या वाटची प्रार्थना

आमच्या बाबांचा आवाज शाबूत होता, तेव्हा सकाळी प्रार्थनेच्या शेवटी ते 'आमेन' म्हणाले की भोरच्या डेपोत थंडीनं आखडलेली एसटी धक्का न मारता सुरू व्हायची. खोटं वाटत असेल तर त्या ड्रायव्हरला विचारा. तो रिटायर होऊन कुठं गेला ते मला ठाऊक नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलंय.

भोरात आमचं एकच यहुदी घर. आमचे पूर्वज कोकणातले तेली. शनिवार हा आमचा धर्माचा विसाव्याचा वार, त्या दिवशी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यातला एक जण अख्खा घाणा डोक्यावर घेऊन वरंधा घाट चढून आला, असं मी सगळ्यांना सांगतो. बाबा म्हणायचे, "घाणा नव्हता रे, तेलाचा बुधला होता." बाबांना गोष्ट रंगवता यायची नाही. त्यांना प्रार्थना यायची. उजाडलं की ते डाव्या दंडावर आणि कपाळावर तेफिलीन बांधायचे. म्हणजे काळ्या कातड्याच्या दोन डब्या, आत देववचनाच्या चिठ्ठ्या. दंडावरच्या डबीचा काळा पट्टा मनगटापर्यंत गुंडाळायचे आणि पुस्तक उघडायचे. पुस्तकात हिब्रू प्रार्थना मराठी अक्षरांत छापलेली आणि तिच्याखाली बारीक टायपात मराठी अर्थ. बाबा ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत. मी दाराशी चपला घालून उभा. माझं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान. जळालेल्या मोटारी वाट बघत असायच्या आणि देव काही तसा अर्जंटमधलं गिऱ्हाईक नव्हता.

मग एका वर्षी बाबांना झटका आला. हातपाय बरेचसे परतले, जीभ परतली नाही. दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या सकाळी बायकोनं त्यांच्यापुढं चहा ठेवला, तर त्यांनी कप सरकवला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकवला. पुस्तकाकडं बोट केलं. प्रार्थनेआधी त्यांच्या पोटात कधी काही गेलेलं नव्हतं आणि आता प्रार्थना तोंडातून निघत नव्हती. प्रार्थना नाही म्हणून चहा नाही, चहा नाही म्हणून पोळी नाही आणि पोटात काही नाही म्हणून गोळ्या नाहीत. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत.

मी पुण्याच्या देवळातल्या, म्हणजे आमच्या सिनेगॉगमधल्या, एका म्हाताऱ्या नातलगांना फोन लावला. देवळात प्रार्थना चालवण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"त्यांना ऐकू येतं ना?" त्यांनी विचारलं.

"येतं. लागलं तर भिंतीपलीकडचंही येतं."

"मग तू मोठ्यानं वाच. ज्याला बोलता येत नाही त्यानं नीट ऐकलं आणि मनात आमेन म्हटलं, की त्यानं स्वतः म्हटल्यासारखंच धरतात."

"मी वाचू? काका, मला त्यातल्या एका अक्षराचा अर्थ कळत नाही."

"तुला कोण विचारतंय? वाच मुकाट्यानं. मुकाट्यानं म्हणजे मोठ्यानं."

असा मी माझ्या बापाचा आवाज झालो. पगार नाही, वाचताना तेफिलीन मीही बांधायचं; शनिवारी ते बांधत नाहीत, तेवढीच सुट्टी. सुरुवातीला कंडक्टर थांबे ओरडतो तसा वाचायचो: कापूरहोळ, किकवी, चला उतरा. पण बाबांना अख्खं पुस्तक तोंडपाठ. मी दोन पानं एकदम उलटली की त्यांची काठी फरशीवर वाजायची. टक्! एक ओळ गाळली तरी टक्! आतून बायको म्हणायची, "सापडले वाटतं!" त्या काठीनं आमच्या फरशीला एवढा खड्डा पडला, की पावसाळ्यात त्यात मासे धरता येतील. अख्खी प्रार्थना नीट झाली की मात्र बाबा अगदी गप्प. ना टक्, ना हूं, ना मान हलवणं. शेवटी फक्त कप स्वतःकडं ओढायचे. तेवढीच माझी पावती.

असे दिवस गेले, महिने गेले. जीभ वळायला लागली. दुकानात तारेचे वेढे घालताना ओठांवर आपोआप तेच शब्द यायला लागले. मी रोज शेकड्यांनी वेढे घालतो. शेवटचा जोड बसून करंट सोडेपर्यंत ती मोटार म्हणजे नुसतं तांब्याचं गाठोडं असतं. यावर एखादा प्रवचनकार तास रंगवेल. मी नाही रंगवणार, कारण माझ्या गाठोड्यात तोवर कसलाच करंट आला नव्हता. मी वाचत होतो ते बाबांच्या चहासाठी.

त्या उन्हाळ्यात वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीच्या पिण्याच्या पाण्याची मोटार जळाली. मी तिच्यात नवी तार भरून ती घेऊन गेलो, विहिरीवर बसवली, तर स्टार्टर धरेना. संध्याकाळ झाली. बाया रिकाम्या कळशा घेऊन माझ्याकडं अशा बघत होत्या, की परतीच्या रस्त्याला लागायची माझी छाती झाली नाही. मुक्काम केला. लांबच्या कामाला जाताना मी पुस्तक आणि माझं तेफिलीन सोबत ठेवायचो, ते पिशवीत होतंच. विहिरीवर कशीबशी रेंज मिळाली, तेवढ्यात बायकोला फोनवर सांगितलं, "सकाळी फोन बाबांच्या कानाशी धर. मी इथून वाचतो."

सकाळी बघतो तर वाडीत रेंजच नाही, विहिरीवरचीही गेलेली. ज्यांच्या पडवीत झोपलो होतो ते आजोबा म्हणाले, "रेंज व्हय? ती वर डीपीपाशी घावती. हितं खाली न्हाई मिळायची. आमची सूनबाई म्हायेरी बोलाया तितंच जाती."

डीपी म्हणजे लायटीचा ट्रान्स्फॉर्मर. टेकाडावर दोन खांबांवर बसवलेला, भोवती तारेचं कुंपण. मी चढलो, फोन लावला, बायकोनं तो बाबांच्या कानाशी धरला. फोन मी खिशात घातला, तेफिलीन बांधलं, पट्टा गुंडाळला आणि सुरुवात केली.

आता एक अडचण ध्यानात घ्या. पलीकडच्या माणसाला बोलता येत नाही. मी नीट वाचलं तर तो काठीही वाजवत नाही. म्हणजे पलीकडची शांतता ही बाबांची की फोन कट झाल्याची, हे कळायला मार्ग नव्हता. आणि आमच्या प्रार्थनेत मधला एक मोठा भाग असा आहे, की तो पाय जुळवून ताठ उभं राहून म्हणायचा. मध्ये जागचं हलायचं नाही, दुसरं बोलायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. खिशातून फोन काढून बघणं तर दूरच.

मी पाय जुळवले. काठीची धास्ती नव्हती म्हणून असेल, किंवा वाऱ्यानं पान फडफडत होतं आणि अंगठ्यानं दाबून धरावं लागत होतं म्हणून असेल, पहिल्यांदाच माझी नजर अंगठ्याखालच्या बारीक टायपात अडकली. त्या उभ्या प्रार्थनेची अगदी पहिली ओळ. माणूस देवाकडं काही मागायच्या आधी एवढंच म्हणतो, की माझे ओठ तू उघड, तरच माझ्या तोंडून तुझी स्तुती निघेल.

रोज सकाळी, ज्याची जीभ गेलीय त्या माणसासमोर बसून, त्याच्या वतीनं मी हे मागत होतो. आणि कंडक्टरसारखं ओरडून पुढच्या थांब्यावर जात होतो. बाबांना अर्थ पाठ होता. रोज ते ही ओळ ऐकत होते आणि एकदाही त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं.

मी पुढं वाचत राहिलो, पण आता हळू. एकेक शब्द सुटा करून उचलावा लागत होता.

तेवढ्यात खालून आरोळी आली. "आरं, मिस्त्रीला करंट लागला!"

त्यांचंही काय चुकलं? मोटारीचा मिस्त्री, उभा डीपीपाशी, पाय जुळलेले, अंग ताठ, हाताला काळी वायर गुंडाळलेली, कपाळावर कसलासा डबा, ओठ थरथरतायत आणि डोळ्यांतून पाणी! अख्खी वाडी टेकाड चढून आली. मी नेहमी सांगतो की पाचशे माणसं होती. वाडीत घरं किती, हे कृपा करून विचारू नका.

"हात लावू नगा कुनी! चिकटाल!"

"वाळलंलं लाकूड आना! लाकडानं सोडवायचा असतोय!"

"अवो मिस्त्री, ऐकू येतंय का? काय तरी बोला की!"

"कसा बोलंल त्यो? जीब आखडली आसंल त्येची."

एक शब्द बोललो असतो तर सुटलो असतो. "प्रार्थना चाललीय," एवढंच. आयुष्यभर मी ज्या तोंडाच्या जोरावर जगलो, ते नेमकं या वेळी मला बंद ठेवायचं होतं. फोनच्या पलीकडं बाबा ऐकत असले आणि मी मध्येच तोडलं, तर त्यांची प्रार्थना तुटणार, कप सरकवला जाणार, गोळ्या राहणार. आणि खरं सांगायचं तर आता फक्त बाबांच्या चहासाठीही नव्हतं. मलाच ते शेवटपर्यंत म्हणायचं होतं.

पडवीवाले आजोबा दोन्ही हातांत वाळका बांबू धरून पुढं आले. "आई भवानी!" म्हणाले आणि हाणला माझ्या दंडावर. डोळ्यांपुढं चांदण्या नाचल्या. मी वाचतच राहिलो. शेवटाला एक मागणं आहे, की माझ्या जिभेला वाईटापासून आणि माझ्या ओठांना खोट्यापासून सांभाळ. तेही मी त्याच दिवशी वाचलं. बांबूपेक्षा जास्त लागलं. ते संपलं की तीन पावलं मागं जायचं आणि डावीकडं, उजवीकडं, समोर असं वाकायचं. मी मागं सरलो, वाकलो.

"सुटला! सुटला बगा! हेलपाटतोय!"

उरलेलं वाचून मी 'आमेन' म्हटलं आणि पाठोपाठ म्हटलं, "आजोबा, हात मोडला असता की!"

"हात मोडू द्या, जीव वाचला न्हवं?" आजोबा माझ्यापेक्षा जास्त घामेजले होते. मी पट्टा सोडून दाखवला, प्रार्थना म्हणजे काय ते सांगितलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग आदी सांगाया काय झालं हुतं, बाबा? आमी गप उबं ऱ्हायलो असतो की."

मी खिशातून फोन काढला. कॉल कधीच कट झाला होता. प्रार्थना जेमतेम सुरू झाली असेल, तेव्हाच. तो सगळा वेळ मी मोकळ्या वाऱ्याला वाचून दाखवत होतो आणि तरी जन्मात पहिल्यांदा मी कुणाशी तरी बोललो होतो, याबद्दल मला शंका नव्हती.

पुन्हा फोन लावला. "कट झाला गं! बाबांचं काय? चहा?"

"घेतला की," बायको म्हणाली. "गोळ्यासुद्धा घेतल्या. फोन बंद पडला तसा मी काढून घ्यायला गेले, तर देईनात. बंद फोन कानाला धरून, डोळे मिटून बसले. मग आपणहून खाली ठेवला आणि कप ओढला. तुमचं झालं का?"

"आत्ताच झालं."

"मग काय, बरोबरच की."

दुपारपर्यंत स्टार्टरनं धरलं, मोटार सुरू झाली. कळशा भरल्या, बाया हसल्या, मी संध्याकाळी घरी आलो. दुसऱ्या सकाळी बाबांसमोर पुस्तक उघडलं. त्या ओळीशी आलो, आधी अर्थ मनात वाचला, मग ओळ म्हटली आणि मान वर केली.

इथं थाप मारायची मला अनावर इच्छा होतेय. बाबांचा आवाज फुटला आणि डेपोतल्या सगळ्या एसट्या एकदम सुरू झाल्या, असं सांगितलं तर निदान वेल्ह्याची माणसं तरी मान डोलावतील. पण आवाज नाही फुटला. बाबांचे ओठ नुसते हलत होते. मी म्हणत होतो त्याच ओळीवर, पण माझ्यापेक्षा एक शब्द पुढं. किती दिवसांपासून ते असे हलत होते कोण जाणे. माझी नजर कधी पुस्तकातून वर आलीच नव्हती. मी आवाज खाली आणला, त्यांच्या ओठांवर डोळे ठेवले आणि ते जातील तसतसा त्यांच्या मागोमाग म्हणत गेलो.