कुठल्या पानावर आहेस?

विसू गेल्याचं मला आमच्या नाट्यमंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. रविवारची दुपार, बोळिंजच्या घरी जेवणं आटोपलेली, आणि फोनवर अचानक विसूचा फोटो आला. मला आधी वाटलं त्याचा वाढदिवस आहे, कारण फोटोत तो नेहमीसारखाच, स्वतःवर भलताच खूश असल्यासारखा हसत होता. मग त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली... वसईतल्या होळी भागातल्या त्याच्या वाडीत चाफ्याला पाणी सोडता सोडता तो खाली बसला, तो उठलाच नाही. मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. बाकीच्यांना सहज जमत होतं ते मला जमेना. उगाच ताणत नाही, कारण आताच सांगतो. विसूच्या नावाला लागलेला एक डाग खरं तर माझा आहे, आणि हे आम्हा दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

विश्वनाथ हे त्याचं खरं नाव. आमच्या हौशी नाट्यमंडळाचं ध्वनिसंयोजन तो करायचा. मी कोकणातून नोकरीला आलेला, बोळिंजला फ्लॅट घेऊन स्थिरावलेला बँकवाला; तो होळीच्या जुन्या वाडीवाल्यांपैकी. घरात बायकोशी वाडीची बोली, आमच्याशी शाळेतली मराठी, आणि चिडला की पुन्हा बोली. वसईतल्या एका कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा आणि उरलेला वेळ केळी, चाफा आणि आम्ही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण विसूला नम्र म्हटलं तर तो वरून हसेल. बढाई मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसऱ्याची चूक तर त्याच्या पोटात टिकायचीच नाही. लग्नाच्या पंगतीत आमटी खारट झाली तर हा जेवण सोडून आचाऱ्याला सांगायला जायचा. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की तालमीत आम्ही त्याच्याआधीच ते म्हणून टाकायचो. मला तो 'हिरो' म्हणायचा, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मंडळाकडे पैसा नव्हता, विसूकडे कारखान्यानं मोडीत काढलेला एक लॅपटॉप होता. नाटकाच्या आवाजांसाठी त्यानं त्यावर बॅच फाईल लिहायला सुरुवात केली. कारखान्यात तो हेच करायचा. सकाळी आल्यावर साठ्याचा तक्ता उघड, छपाईचा प्रोग्राम चालू कर, कालच्या फायलींची नक्कल दुसरीकडे ठेव, ही सगळी कामं त्यानं एका फाईलवर सोपवली होती. मला त्यातलं काही कळत नाही म्हटल्यावर त्यानं वहीच्या पानासारखं एक साधं पान स्क्रीनवर उघडून दाखवलं. त्यात एकाखाली एक हुकूम लिहिलेले. पान साठवताना नावाला 'बॅट' ही शेपटी लावायची, की त्यावर दोनदा क्लिक केल्यावर काळी खिडकी उघडते आणि संगणक पहिल्या ओळीपासून एकेक हुकूम पाळत खाली उतरतो. आमच्या नाटकासाठी त्यानं दर आवाजाआधी एक थांबा टाकला होता. कळ दाबली की आवाज वाजायचा, तो पुरता संपला की फाईल पुढच्या थांब्यावर जाऊन उभी राहायची. त्या काळ्या खिडकीत मराठी अक्षरांचे चौकोन व्हायचे, म्हणून थांब्यावर तो रोमन अक्षरांत 'थांब, हिरो बोलतोय' असं लिहायचा. "तुझं पाठांतर आणि माझी फाईल, एकच गोष्ट," तो म्हणाला होता. "वरून खाली. मधलं काही गाळायचं नाही."

त्या वर्षी आम्ही मंडळातल्याच एकानं लिहिलेलं नाटक स्पर्धेत उतरवलं. वाडी विकायला निघालेल्या मुलाची वाट पाहणारा एकटा म्हातारा, आणि तो म्हातारा मी. दुसऱ्या अंकात, एकतिसाव्या पानावर, घरामागं माडाची झावळी पडते. म्हातारा दचकून उठतो आणि विचारतो, "कोण आलं?" मग बाहेर मुलाच्या स्कूटरचा आवाज, बाप-लेकाचं बोलणं, मुलाचं निघून जाणं, आणि त्यानंतर कितीतरी वेळानं फोन वाजतो. झावळीचा आवाज इंटरनेटवर मिळेना. मी म्हटलं, लाकडी फळी आपट, कोणाला कळतंय? विसूला तो अपमान वाटला. माडाखाली रेकॉर्डर ठेवून तो दोन-तीन दुपारी वाडीत बसून राहिला. झावळी काही हुकमानं पडत नाही. शेवटी पडली तेव्हा आधी वरून सुटल्याची कडकड, मग पानांची सळसळत येणारी धाव, आणि मग जमिनीवरचा तो जड, पोकळ धप्प... तालमीत पहिल्यांदा वाजवला तेव्हा आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. विसू आठवडाभर जमिनीला पाय टेकवत नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी मी पान गाळलं. एक वाक्य विसरलो असतो तर सावरलं असतं, मी तीसवरून थेट छत्तिसावर गेलो. दोन्हीकडे म्हातारा खुर्चीत बसून 'आता येईल' म्हणतो, तिथं माझ्या डोक्यातली गाडी रूळ बदलून गेली. संहिता मांडीवर घेऊन विंगेत बसलेल्या विसूला ते लगेच कळलं असणार, पण त्याची फाईल उडी मारू शकत नव्हती. मी फोनकडे पाहिलं, त्यानं कळ दाबली, आणि फोनऐवजी झावळी पडली. घाबरून मी न वाजलेला फोन उचलला आणि म्हणालो, "हॅलो." प्रेक्षागृहात हशा पिकला. मला वाचवायला त्यानं पुन्हा कळ दाबली, तर स्कूटर आली, दारात थांबली, आणि घरात कोणीच शिरलं नाही. फोन गाठायला त्यानं तिसऱ्यांदा कळ दाबली, आणि मी रिसीव्हर कानाला लावून पोटच्या पोराशी रडत बोलत असताना, माझ्या हातात असलेला तो फोन खणखणून वाजू लागला. त्यानंतर लोक जे हसले ते पडदा पडेपर्यंत हसतच होते. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'ध्वनिसंयोजन सदोष'.

पुढच्या रविवारी शाळेच्या वर्गात मंडळाची बैठक झाली. मुलाचं काम करणारा पोरगा नवखा. स्कूटर वाजूनही त्याला आत यायचं कळलं नव्हतं, त्यामुळे तो स्वतःलाच बोल लावत कोपऱ्यात बसलेला. बाकीच्यांनी खापर लॅपटॉपवर फोडलं. अध्यक्ष म्हणाले, "विसू, तुझ्या त्या काळ्या खिडकीनं घात केला." मी विसूकडे पाहिलं. हा आता उठणार, संहिता आपटणार, माझी अब्रू वेशीवर टांगणार... वर्षभर मंडळाला पुरेल इतकं 'मी सांगितलं होतं' त्याच्या हातात होतं. तो म्हणाला, "चुकलं माझं. परत नाही होणार." एवढंच. त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो. नाटक पडलं तरी अभिनयाबद्दल माझं नाव झालं होतं, तसल्या गोंधळातही म्हातारा सावरून धरला म्हणून. ती शाबासकी मला सोडवेना, दुसरं कारण नाही.

महिनाभरानं त्यानं मला वाडीत बोलावलं. पडवीत लॅपटॉप, शेजारी मंडळाचा जुना काळा स्पीकर. त्यानं फाईल नव्यानं लिहिली होती. आता ती सुरू झाली की विचारायची, 'कुठल्या पानावर आहेस?' पानाचा आकडा टाकला की फाईल मधलं सगळं ओलांडून थेट त्या पानावर जायची, तिथला आवाज वाजवायची आणि पुन्हा वर येऊन तोच प्रश्न विचारायची. विसू लहान पोरासारखा आकडे टाकत होता, स्कूटर, फोन, झावळी, पुन्हा स्कूटर. "आता तू कुठूनही कुठं उडी मार," तो म्हणाला. "मी मागनं येतो." मी हसलो आणि म्हणालो, "मला कशाला उडी मारायचीय?"

हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. बैठकीत गप्प बसलो तो शाबासकीचा मोह होता, पण पडवीत आम्ही दोघंच होतो. तिथं त्याच्या तोंडावर मी नाकबूल झालो. विसूनं लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग तो म्हणाला, "बरं. समज, कोणी मारलीच तर." आणि निघताना वाडीतली केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांची पुडी माझ्या हातात कोंबली.

ती फाईल रंगमंचावर कधी वाजलीच नाही. पुढच्या वर्षापासून मंडळानं आवाजासाठी बाहेरचा माणूस भाड्यानं आणला. ठरलं त्या बैठकीतही मी होतो, आणि हात वर करणाऱ्यांतही होतो. विसू भांडला नाही. तो प्रयोगाला यायचा, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसायचा, संपल्यावर मला कुठं सूर चढला ते तोंडावर सांगायचा आणि घरी जायचा. तालमीला येणं मात्र सुटलं. गेल्या पावसाळ्यानंतर वसईच्या बाजारात भेटला, हातात केळीच्या पानांचा भारा. मी म्हटलं, "ये की एकदा तालमीला." म्हणाला, "येऊन करू काय? आवाज तुमचे भाड्याचे." मग माझा चेहरा पाहून त्यानंच विषय बदलला. ती आमची शेवटची भेट. माझी अडचण झालेली त्यालाच पाहवली नाही, असं आता वाटतं.

शोकसभेत अपेक्षेप्रमाणे तो किस्सा निघाला. अध्यक्षांनीच सांगितला, प्रेमानं सांगितला, हातातला फोन वाजल्याची नक्कलही केली. सगळे हसता हसता डोळे पुसत होते. विसूची बायको, आमच्या वहिनी, त्यासुद्धा हसल्या. मग मला बोलायला उठवलं, आणि मी विसूच्या वक्तशीरपणावर बोललो... एवढी वर्षं नाटकात काढून तेवढंच सुचलं.

पंधरा-वीस दिवसांनी वहिनींचा फोन आला. मंडळाचा स्पीकर घरी पडून आहे, लॅपटॉपही मंडळालाच द्या असं हे म्हणायचे, येऊन घेऊन जा. मी गेलो. पडवीत सगळं तसंच होतं, चालू होतं का पाहावं म्हणून मी तारा जोडल्या आणि विसूची फाईल सुरू केली. वहिनी म्हणाल्या, "त्या नाटकाचं फार मनाला लागलं होतं ह्यांच्या. मी किती वेळा म्हटलं, मशीन आहे, बिघडायचंच. तर म्हणायचे, मशीन नाही गं, मीच बटण चुकीचं दाबलं." एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या. दुसऱ्याच्या आमटीतलं मीठ पोटात न ठेवणारा माणूस घरच्या बायकोशीही स्वतःविरुद्ध खोटं बोलला होता, आणि कोणासाठी, तर माझ्यासाठी.

खिडकी विचारत होती, कुठल्या पानावर आहेस. मी एकतीस टाकलं. कडकड, सळसळ, आणि धप्प... आतून वहिनी ओल्या हातांनी लगबगीनं आल्या, माझ्या शेजारून तशाच वाडीत गेल्या. माडांखाली बघून आल्या, चाफ्याकडे बघून आल्या. "चाफ्यावर पडली की काय वाटलं," त्या म्हणाल्या. "पडलेली तर कुठं दिसत नाही."

"वहिनी," मी म्हणालो, "ती इथं पडली. आणि तेव्हा विसूनं काही चुकीचं दाबलं नव्हतं. मी पानं गाळली होती."

त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं, बैठकीतलं, पडवीतलं, शोकसभेतलंही. आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी त्या हलल्या नाहीत. "मग मला कशाला खोटं सांगत राहिले इतकी वर्षं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही त्या दिवशी सभेत माइकसमोर उभे होता, भावोजी," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हा सांगायचंत. ते ऐकायला सगळं गाव होतं." त्यांचं बरोबर होतं. गाव पुन्हा कधी गोळा होईल ठाऊक नाही, म्हणून हे इथं लिहितो आहे. त्या प्रयोगाचं ध्वनिसंयोजन सदोष नव्हतं.

मग त्या आत गेल्या, गॅस बंद करून आल्या आणि पडवीतल्या त्याच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "परत लावा ते." मी लावलं. या वेळी त्या उठल्या नाहीत, माडाकडे बघत पुरतं ऐकलं. आवाज संपला आणि काळ्या खिडकीत ती ओळ पुन्हा आली.

"काय लिहिलंय त्यात?" त्यांनी विचारलं.

"विसू विचारतोय," मी म्हणालो, "कुठल्या पानावर आहेस."