गोंगाटात जमा

‘बोलणारं कुणीतरी सोबत घेऊन या,’ असं ह्यांच्या कंपनीतल्या साहेबांनी मला फोन करून सांगितलं. बोलणारं म्हणजे काय? आमचे हे काय मुके आहेत? ज्यांच्या सांगण्यावर तुमचे मेकॅनिक इतकी वर्षं लिफ्ट दुरुस्त करत आले, त्या माणसासाठी तुम्ही बोलणारं माणूस मागवता? सगळं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण हे समोरच बसले होते आणि त्यांनी डोळ्यांनीच दटावलं, म्हणून नुसतं ‘बरं’ म्हणून मी फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र काही बाकी ठेवलं नाही. धुवायला काढलेल्या भांड्यांनीही ते ऐकलं.

आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. मिसरूड फुटायच्या वयात त्या कामाला लागले आणि त्यातच रमले. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत चढायचं, तळाच्या खड्ड्यात उतरायचं आणि ग्रीसने माखून घरी यायचं. लग्नानंतरची आमची पहिली भांडणं सगळी शर्टांवरून झाली. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर हे गप्प व्हायचे आणि मान वाकडी करून ऐकत राहायचे. मग दार उघडणाऱ्याला कसे आहात, बरे आहात ना, ते सगळं राहिलं बाजूला. ‘तुमच्या लिफ्टचा ब्रेक घासतोय, बघून घ्या,’ हे पहिलं वाक्य. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन यायचा की ब्रेक खरंच गेला होता.

पुढे घशाचं दुखणं निघालं. विडीकाडीची सवय नाही, कसली नाही, तरी निघालं. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता गळ्याखाली एक भोक आहे, श्वास त्यातून चालतो, त्यावर पातळ कापड बांधतात. तोंडातून वाराच येत नाही, त्यामुळे कुजबुजसुद्धा नाही. पहिले काही महिने हे पाटीवर लिहायचे आणि दोघांच्या वाटचं मी एकटी बोलायचे. एकदा पाटी माझ्यासमोर धरली. लिहिलं होतं, ‘ऑपरेशन माझ्या घशाचं झालंय, पण विश्रांतीची गरज तुझ्या घशाला आहे.’ त्या दिवशी मला कळलं की माणूस आहे तसा परत आलाय.

मग ते यंत्र मिळालं. छोट्या टॉर्चएवढं. हनुवटीखाली गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं, की ते गुणगुणतं, आणि त्या गुणगुणण्याचे शब्द ओठांनी आणि जिभेने करायचे. ऐकायला सोपं वाटतं. ह्यांना साधं ‘पाणी’ म्हणायला किती दिवस लागले ते मी बघितलंय. कंपनीतल्या मेकॅनिकांनी त्या यंत्राचं नाव भुंगा ठेवलं आणि हेही तेच म्हणायला लागले. मी त्याला सवत म्हणते, दिवसभर गळ्यात पडलेली असते म्हणून. एक आहे, भुंग्याला चढउतार नाही. हे रागावले तरी तोच सूर, लाडात आले तरी तोच. घरच्यांना सवयीने कळतं, परक्यांनी जरा लक्ष देऊन ऐकावं लागतं. बस, एवढंच. जरा लक्ष द्यायचं. ते फार मोठं मागणं आहे असं मला आजही वाटत नाही.

धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून वर चढणं बंद झालं. तेव्हाचे साहेब भले होते. त्यांनी ह्यांना ऑफिसात मदतीच्या खुर्चीवर बसवलं. काम असं, की कुठे मेकॅनिक अडला तर त्याने आपल्या टॅबलेटवरून ह्यांच्या टॅबलेटवर कॉल लावायचा, कॅमेऱ्यातून लिफ्टचं पॅनल दाखवायचं, आणि ह्यांनी सांगायचं, ही वायर काढ, तो रिले बघ. पहिल्या दिवशी ती मेकॅनिक मुलं हसली. महिनाभरात त्याच मुलांना दुसऱ्या कुणाचा आवाज चालेना. एक टोपीवाला मेकॅनिक होता, तो म्हणायचा, ‘काका, तुमचा भुंगा ऐकला की अर्धी लिफ्ट आपोआप चालू होते.’ पुष्कळदा हे त्यांना सांगायचे, ‘बोलू नकोस. टॅबलेट मोटारीजवळ धर.’ मग डोळे मिटून ऐकायचे, आणि बेअरिंग गेलंय की ब्रेक अडकतोय ते इथे बसून सांगायचे. संध्याकाळी घरी आले की चेहरा खुललेला असायचा. ती खुर्ची म्हणजे ह्यांचं बोलणं होतं. घरात माझ्याशी काय बोलणार, कोथिंबीर आण आणि पंखा बंद कर.

ते जुने टॅबलेट जाडजूड होते. चारी बाजूंनी रुंद काळी पट्टी, खाली मधोमध गोल बटण, आणि खालच्या कडेला सुईने टोचल्यासारखं एकच भोक. तो माइक. त्या भोकात जे जाईल ते पलीकडे पोचायचं. पंखा, रस्त्यावरचा हॉर्न, कुणाची शिंक, लिफ्टची मोटार आणि आमचे हे. निवडानिवड त्याला ठाऊकच नव्हती.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्या पाठोपाठ नवे टॅबलेट आले. पापडासारखे पातळ. बटण गायब. माइक एकाचे तीन झाले, एक वरच्या कडेला, एक बाजूला, एक मागे कॅमेऱ्याशेजारी. विकणारा माणूस ते दाखवायला आला तो चक्क मिक्सर घेऊन आला. टेबलावर मिक्सर चालू केला आणि त्याच्या शेजारी बसून कॉलवर बोलला. पलीकडच्या खोलीत मिक्सरचा घरघराट नाही, नुसता त्याचा आवाज, स्वच्छ. म्हणे हे तिन्ही माइक मिळून ठरवतात, माणसाचा आवाज कुठला आणि गोंगाट कुठला. गोंगाट तेवढा पुसून टाकतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येऊन ह्यांनीही मला कौतुकाने सांगितलं, ‘आता मोटारीच्या खोलीतसुद्धा मुलांचं बोलणं स्पष्ट ऐकू येईल.’ मेल्या टॅबलेटचं कौतुक माझ्या नवऱ्याने केलं होतं, हे मी अजून विसरले नाही.

कारण दुसऱ्या दिवसापासून मुलांना ह्यांचं काही ऐकूच येईना. ती ‘काका, काका’ करत राहायची, हे इकडे सांगत राहायचे आणि कॉल तुटायचा. ह्यांना वाटलं, भुंग्याची बॅटरी उतरली. नवी घातली. मग वाटलं, आपणच नीट टेकवत नाही. घरी आरशासमोर उभं राहून गळ्यावरच्या जागा बदलत बसायचे. मला विचारायचे, ‘हे ऐकू येतंय? आणि आता?’ मला सगळंच ऐकू येत होतं. तोवर साहेबांकडे तक्रारी गेल्या की मदतीच्या खुर्चीवरून कुणी उत्तरच देत नाही.

शेवटी तो टोपीवालाच एका दुपारी ऑफिसात आला. एक टॅबलेट घेऊन जिन्यात गेला आणि तिथून ह्यांना कॉल लावला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, ‘काका, तुमच्या खुर्चीची करकर ऐकू येते. बाटलीचं झाकण फिरवलंत तेही ऐकू आलं. तुम्ही तेवढे ऐकू येत नाही.’ भुंगा एका सुरात गुणगुणतो ना, तेवढ्यावरून त्या तीन दीडशहाण्या माइकांनी ठरवून टाकलं होतं की हा मिक्सर आहे. आणि मोटारीचंही तेच. मुलं टॅबलेट मोटारीजवळ धरायची आणि ह्यांच्यापर्यंत काहीच पोचायचं नाही. ब्रेक घासणारी मोटार आणि आमचे हे, दोघेही गोंगाटात जमा.

हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी कुठे बसून ठरवलं, की अमुक आवाज माणसाचा आणि तमुक नाही? त्याला एकदा आमच्या घरी जेवायला बोलवा. ह्यांच्या गप्पा ऐकताना पोट धरून हसायला लागेल, मग सांगावं त्याने की हा गोंगाट.

हे शांत. रीतसर साहेबांकडे गेले आणि एवढंच मागितलं, की मला आणि मुलांना आपले जुने टॅबलेट द्या. तर जुने सगळे नव्यांच्या बदल्यात विकणाऱ्याकडे परत गेलेले. मग म्हणाले, ती आवाजाची पुसापुशी बंद करा. विकणारा म्हणाला, मधल्या एका मॉडेलमध्ये ते बंद करायची सोय होती, ह्या नव्यात बनवणाऱ्या कंपनीने ती काढून टाकली आहे, आतलं सगळं आधीच ठरवून येतं, पुढच्या मॉडेलमध्ये कदाचित विचार करतील. म्हणजे पुढचं मॉडेल येईपर्यंत ह्यांनी तोंड मिटून बसायचं. साध्या फोनवर बोलू द्या म्हणाले, तर कामाचं बोलणं टॅबलेटवरच व्हायला हवं, त्याचं रेकॉर्ड राहतं, असा नियम. कशाचं रेकॉर्ड, ते साहेबांनी सांगितलं नाही.

साहेबांनी वर तोडगा काढला. ह्यांना तळघरातल्या स्टोअरमध्ये टाकायचं. नटबोल्ट काढून द्यायचे, कुणाशी बोलायची गरज नाही, पगार तोच. ‘त्यांच्या तब्येतीलाही बरं,’ असं मला फोनवर म्हणाले. किती हो ती काळजी. मात्र शिक्कामोर्तब मोठ्या साहेबांनी करायचं होतं, ते दुसऱ्या गावाहून स्क्रीनवर येणार होते, आणि त्यासाठी बोलणारं कुणीतरी हवं होतं.

निघताना ह्यांनी मला दारातच अडवलं. भुंगा टेकवून म्हणाले, ‘तू ये. पण माझ्या वतीने बोलायचं नाही. मला बोलता येतं.’ मी कबूल केलं. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

लांब टेबल, थंडगार खोली. टेबलावर स्टँडला लावलेला तोच पातळ टॅबलेट, त्यात मोठ्या साहेबांचा चेहरा. टॅबलेटचं तोंड आमच्या साहेबांकडे, आम्ही दोघं एका बाजूला, म्हणजे चित्रात आम्ही नव्हतोच. विकणाराही येऊन बसला होता. साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, ‘त्यांना स्टोअर चालेल ना?’

‘ते इथेच बसलेत,’ मी म्हटलं. ‘त्यांना विचारा.’

माझा आवाज मात्र तिकडे लख्ख पोचला. मोठे साहेब म्हणाले, ‘हो, बरोबर आहे. त्यांनाच बोलू द्या. त्यांचं काय म्हणणं आहे?’ माणूस वाईट नसावा. खरंच ऐकायला पुढे सरकून बसला होता.

ह्यांनी भुंगा गळ्याला लावला आणि बोलायला लागले. घाई केली नाही, एकेक शब्द सुटा काढला. म्हणाले, ‘साहेब, माझं राहू द्या. स्टोअरमध्येही मी काम करीन. पण हा टॅबलेट मोटारीचा आवाज पुसतो. मोटार बिघडायच्या आधी सांगते. तिचं सांगणं आता आमच्यापर्यंत येत नाही. परवा एका इमारतीत ब्रेक घासत होता, ते नंतर कळलं. मुलाने टॅबलेट जवळ धरला, मला काही ऐकू आलं नाही. लिफ्ट बंद ठेव म्हणालो असतो, तर तेही त्याला ऐकू आलं नसतं. त्या लिफ्टमधून माणसं जातात. लहान मुलं जातात. आपण नको ते पुसतोय. एवढंच माझं म्हणणं.’

इतकं सलग ते बऱ्याच दिवसांनी बोलले होते. खोलीत आम्ही जेवढे होतो त्या सगळ्यांना शब्द न् शब्द कळला. विकणारा खाली बघून नखं कुरतडत होता. आमच्या साहेबांच्या कपाळाला आठी पडली होती, म्हणजे त्यांनाही नेमकं कळलं होतं.

मोठे साहेब तिकडे अजून वाट बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, ‘बराच वेळ शांत आहे तिकडे. त्यांना काही म्हणायचंय ना?’

मी आमच्या साहेबांकडे बघितलं. माइकला काय बोलणार, तो ज्याने केला तसा झाला. पण साहेबांना देवाने दोन कान दिलेत, आणि ते चांगले चालतात. त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं आणि म्हणाले, ‘नाही सर. त्यांचं काही म्हणणं नाही.’

‘ठीक आहे. मग स्टोअरचं नक्की करून टाका.’

मी ताडकन उठले, पण ह्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. दुसऱ्या हाताने भुंगा लावला आणि समोर बघून म्हणाले, ‘साहेब, तुम्हाला तर ऐकू आलं होतं.’

साहेबांनी मान वर केली नाही. विकणाऱ्यानेही नाही. ती दोन शिकलेली माणसं बघून मला ओरडावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त रडू येत होतं.

स्क्रीनवर मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. ‘आणखी कुणाला काही बोलायचंय?’

ह्यांनी माझं मनगट सोडलं.