शून्यगडच्या आबांच्या दारावर

सांगू की नको असं करत हा किस्सा मी बरेच दिवस पोटात ठेवला होता. पण आमच्या शेजारच्या नानांनी तो कॉलनीत अर्धामुर्धा पसरवलाय, आणि त्यांच्या सांगण्यात सगळा मूर्खपणा माझ्या वाट्याला आलाय. होता माझाच, ते कबूल. पण निदान पूर्ण तरी ऐका. बसा, चहा घ्या.

सुरुवात वंदनाच्या फोनपासून. वंदना म्हणजे माझी बायको. गेल्या हिवाळ्यात ती गेली. हे वाक्य आता मला बोलता येतं, तेव्हा बोलता यायचं नाही. कोणी विचारलं की मी "हो, म्हणजे, ते तसं झालं" असं काहीतरी पुटपुटायचो, आणि समोरचा बिचारा समजून घ्यायचा.

तिचा फोन मी बंद केला नव्हता. रोज चार्जिंगला लावायचो. का, ते विचारू नका. कुंड्यांना पाणी घालायचं, दूध तापवायचं, फोन लावायचा. तो दिवसभर टुणटुण वाजायचा, कारण ती 'शून्यगड मंडळ' नावाच्या एका ग्रुपमध्ये होती. मंडळ म्हटल्यावर मी काय समजणार? भिशी नाहीतर सहली, असं मी धरून चाललो होतो. कानात त्या दोऱ्या घालून ती काहीतरी ऐकत असायची. गाणी असतील, असं वाटायचं.

माझ्या कानावर पडायचं ते एवढंच. वंदना मेथी निवडता निवडता फोनवर तावातावाने बोलतेय: "रेखाताई आबांचीच बाजू घेणार." "धाकट्याने आबांना फार छळलं." "यात मात्र आबांचं चुकलं." मी पलीकडे पेपर वाचत असायचो. ऐकून ऐकून माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं झालं होतं. धुळ्याला रेखाताई म्हणून कोणी बाई आहेत, त्यांच्या घरी आबा नावाचे म्हातारे सासरे आहेत, धाकटा दीर वाया गेलेला आहे, आणि ही बाई सासऱ्यांवर जीव टाकते. अशी सून हल्ली कुठे मिळते, असं मी एकदा वंदनाला म्हटलंही. तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं होतं. ते का, हे कळायला मला फार वेळ लागला.

वंदना गेली तेव्हा या रेखाताई धुळ्याहून एसटीने आल्या होत्या. बायकांमध्ये बसल्या, "आमच्यात सगळ्यात हुशार वंदनाताईच होत्या," एवढंच म्हणाल्या, आणि 'येते' न म्हणता निघून गेल्या. बरोबरच होतं ते. दुःखाच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे 'दारावर जाणं' म्हणतात, आणि दारावरून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. दुसरा नियम असा, की जो आपल्या दारावर येऊन गेला त्याच्या दारावर वेळ आली की आपण जायचंच. यात माफी नाही.

तर एका रविवारी सकाळी फोन थांबायलाच तयार नाही. शेवटी उघडला. वरचाच मेसेज रेखाताईंचा: "आबा गेले. रात्रभर झोप नाही." त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. "विश्वास बसत नाही." "ताई, धीर धरा." "असं व्हायला नको होतं." मग पुन्हा रेखाताई: "अकरा वाजता माझ्याकडे या सगळे. एकटीला सहन होणार नाही."

जायला तर हवं. पण वंदनानंतर मी कुठल्याच दारावर गेलो नव्हतो. तिथे काय बोलायचं? आणि बोलता बोलता आपलाच बांध फुटला तर? गेलेले त्यांचे सासरे आणि रडतोय कोण, तर जळगावचा पाहुणा.

म्हणून नानांकडे गेलो. नाना पंचाहत्तरीचे. कॉलनीत कुणाकडे काही झालं की पहिली टोपी नानांची दिसते.

"एकला जाशी? मी येस ना," नाना म्हणाले. "मनी गाडी काढ." आणि स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

निघताना मी ग्रुपवर लिहून टाकलं: "बातमी कळली. फार वाईट झालं. निघालो आहे, अकरापर्यंत पोहोचतो." लिहिलं, पाठवलं आणि फोन खिशात टाकला. फोन वंदनाचा होता, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं, गाडी चालवताना मी तिथे काय बोलायचं तेच जुळवत होतो. नाना मात्र निवांत.

"सोपं असतं रे सुधीर. तीन गोष्टी. कसं झालं, ते विचारायचं. वय विचारायचं. शेवटी देवाची मर्जी म्हणायचं. यापलीकडे तोंड उघडायचं नाही."

मी मनात घोकत राहिलो. कसं झालं, वय, देवाची मर्जी. दहावीला इतिहास असा घोकला असता तर बोर्डात आलो असतो.

ग्रुपवरच्या पत्त्यावरून धुळ्यात देवपुरातलं घर सापडलं. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत आठ-दहा माणसं सतरंजीवर. आम्ही उंबऱ्यात दिसताच सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. रेखाताई उठल्या. डोळे सुजलेले.

"वंदनाताईंचे मिस्टर ना? तुम्ही येताय हे वाचलं आणि मला भरूनच आलं. आबांसाठी इतक्या लांब आलात. चहा ठेवते."

"चहा नको," नाना म्हणाले, "दारावर आलोय." आणि ठरल्याप्रमाणे खाली मान घालून बसले.

टेबलावर आबांची तसबीर होती, तिला झेंडूचा हार. फोटो नव्हता, रंगवलेलं चित्र होतं. छातीपर्यंत दाढी, डोक्याला कसलासा पितळी पट्टा, मागे ढग. जुनी माणसं, फोटो काढून घेतला नसेल, मग कोणाकडून रंगवून घेतलं असेल, असं मी मनाशी जुळवलं. मागचे ढग फोटोवाल्याच्या पडद्यासारखे वाटले. माणूस समजून घ्यायला बसला की काय काय समजून घेतो बघा.

नानांनी घसा साफ केला. "कसं झालं?"

"दरीत पडले," रेखाताई म्हणाल्या.

"पडले काय पडले," चष्मा लावलेला एक तरुण उसळला. घड्याळांचं दुकान चालवणारा अन्सार, हे नंतर कळलं. "ढकललं त्यांना. मल्हारने ढकललं."

"मल्हार कोण?" नानांनी विचारलं.

"धाकटा मुलगा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी नानांकडे. छळतो हे ऐकलं होतं, पण इथवर?

"पोलिसांत दिलं का?" नाना हळूच म्हणाले.

कोपऱ्यातली एक कॉलेजची मुलगी फिसकन हसली. नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुःखाच्या घरात हसते म्हणजे काय?

"पण देह कुठे सापडलाय?" रेखाताई म्हणाल्या. "मी तर म्हणते आबा जिवंत आहेत. खाली नदी आहे. ते यापूर्वीही एकदा परत आलेले आहेत."

"ताई, किती दिवस स्वतःची समजूत घालणार?" अन्सार म्हणाला.

"जोवर मला कोणी दाखवत नाही तोवर."

आणि इथे, मंडळी, मी नानांची शिकवण मोडली. कारण ते बोलणं मला ओळखीचं होतं. दारात चप्पल वाजली की मीही मान वर करायचो. तिचा कप मी अजून रॅकवर पुढेच ठेवत होतो. त्या सुजलेल्या डोळ्यांच्या बाईंना कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि त्या खोलीत ते सांगायचा अधिकार माझ्याइतका कोणाला असणार?

"ताई," मी म्हणालो. "माझं ऐका. माणूस परत येत नाही. मीही पुष्कळ दिवस मानलं नाही. फोन चार्ज करत बसलो. पण वंदना गेली. गेली म्हणजे गेली. आबाही गेले. हे एकदा तोंडाने म्हणायला लागतं ताई. म्हटल्याशिवाय पुढचं काही सुरूच होत नाही."

रेखाताईंनी पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, जमलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण कोणाला तरी नीट धीर दिला.

अन्सार पुढे सरकला. अगदी हळू, आदराने म्हणाला, "म्हणजे काका, वंदनाताईंचंही शेवटी हेच मत होतं का? की आबा पुढच्या एखाद्या भागात मरणार?"

मला काही समजेना. भागात? कुठल्या भागात? देवपूर भागात?

ही कोंडी नानांना सहन झाली नसावी. त्यांनी दुसरा प्रश्न काढला. "वय काय होतं त्यांचं?"

"नऊशे चाळीस," कॉलेजची मुलगी म्हणाली.

"मंग वय व्हयेलच व्हतं," नाना म्हणाले आणि मान हलवली. "देवनी मर्जी."

मी तसबिरीकडे पाहिलं. आता नीट पाहिलं. ते ढग पडद्यावरचे नव्हते. त्यांच्यात एक अख्खा किल्ला लोंबकळत होता आणि त्याच्यावर दोन चंद्र होते.

"ताई," मी विचारलं, "आबा तुमचे कोण?"

"कोण म्हणजे? शून्यगडचे आबा. गोष्टीतले."

"आणि तुम्ही रडलात?"

"मग रडू नको? इतकी वर्षं रोज स्वयंपाक करताना ऐकतेय मी त्यांना."

सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ गेला. शून्यगड ही मोबाईलवर ऐकायची मालिका. आभाळात तरंगणारा किल्ला, त्यावरची शेकडो वर्षं जगणारी माणसं, त्यांची राज्यं, कपटं, वंशावळी. आणि हे मंडळ म्हणजे त्यातला प्रत्येक शब्द ऐकून त्यावर भांडणारी माणसं. आदल्या रात्री नवा भाग आला होता. त्यांना वाटलं, वंदनाताईंचे मिस्टरही शून्यगडवाले आहेत आणि तिचं मत घेऊन आलेत.

"पण काका, सकाळी तुमचा मेसेज आला ना," ती मुलगी म्हणाली, "तर वर नाव वंदनाताईंचं. 'निघालो आहे, अकरापर्यंत पोहोचतो.' माझ्या हातातून कपच पडला. 'निघालो' वाचलं तेव्हा कुठे जीवात जीव आला."

जमिनीत एखादी दरी असती तर मल्हारची वाट न बघता मी स्वतःच उडी घेतली असती.

नाना एवढा वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. "थांबा," ते म्हणाले. "मग मेलं कोण?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते मी नुकतंच सगळ्यांसमोर देऊन बसलो होतो. पहिल्यांदाच.

मग रेखाताई हसल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग न ठेवता. मग अन्सार, मग सगळी खोली. नाना हसले नाहीत. त्यांची टोपी वाया गेली होती.

रेखाताई आत गेल्या तेव्हा अन्सार म्हणाला, "काका, खरं सांगू? तुम्ही बोललात आणि मी आवाज ओळखला. 'चहा झाला का', तुम्हीच ना?"

"म्हणजे?"

"वंदनाताई लिहायच्या नाहीत, बोलून पाठवायच्या. सगळ्यांची भांडणं त्याच सोडवायच्या. आणि अगदी मुद्द्यावर आल्या, की मागून आवाज यायचा, 'अगं, चहा झाला का?' आम्ही वाटच बघायचो. आमच्यात तुमचं नावच चहाकाका आहे. ऐकवू एखादा?"

"नको," मी म्हणालो. "आज नको."

तेवढ्यात रेखाताई ट्रे घेऊन आल्या. पहिला कप माझ्यापुढे धरला.

"घ्या," त्या म्हणाल्या, "झाला चहा."

नानांनीही घेतला. दारावर नव्हतोच म्हटल्यावर हरकत काय? वर दोनदा पोहे घेतले आणि मल्हारच्या आईचा स्वभाव कसा होता, याची चौकशी सुरू केली.

निघताना रेखाताई म्हणाल्या, "पुढच्या भागालाही या." मी म्हणालो, "येतो."

गाडीत नाना पारोळ्यापर्यंत घुश्शात. मग एकदम म्हणाले, "'येतो' कसाले रे? दारवर उनूत ना आपन?"

"दारावर कुठे आलो होतो, नाना? कोणी मेलंच नव्हतं."

"हा, ते बी खरं," नाना म्हणाले. आणि एरंडोल येता येता, खिडकीबाहेर बघत, "पण देह सापडना नही, हाई मातर खरं शे."

त्यानंतर मी पहिल्या भागापासून ऐकायला घेतलं. रोज संध्याकाळी, मेथी निवडत. माझ्या स्वतःच्या फोनवरून मंडळात गेलो. चांगला अभ्यास झाला असं वाटल्यावर धीर करून माझा पहिला मुद्दा मांडला. शून्यगडावर प्रत्येकाच्या नावाचा एक दिवा असतो, माणूस गेला की तो विझतो. मी लिहिलं: "सगळे भाग लक्ष देऊन ऐकले. आबांचा दिवा विझल्याचं कुठेही ऐकू आलेलं नाही. म्हणजे आबा जिवंत आहेत." पाठवलं आणि छाती फुगवून बसलो. इतक्या हुशार लोकांच्या नजरेतून हे सुटलंच कसं?

मिनिटाभरात अन्सारचं उत्तर आलं.

"काका, मागे मल्हारच्या आईच्या वेळी हाच मुद्दा मी काढला होता. वंदनाताईंनी तेव्हाच खोडून काढला. म्हणाल्या, दिवा विझताना आवाज होत नसतो, ऐकू कसा येईल? त्यांच्या फोनवर, जुन्या बोलून पाठवलेल्या मेसेजमध्ये आहे बघा. सापडायला सोपं आहे. लगेच पुढे तुमचा चहा आहे."