बसायला जागा

गाव सोडलं त्या सकाळी अण्णा एसटी स्टँडवर आले होते. बस सुरू झाली. मग खिडकीशी येऊन म्हणाले, "खोली कसलीबी घे. पर दुःखाला चार माणसं येऊन बसतील असा शेजार बघ."

शेजार बघून घर घ्यायची सोय भोसरीत नव्हती. कंपनीची बस जिथून सुटते तिथे घर घेतलं. आई गेल्यावर अण्णाही माझ्याकडे आले. सोसायटीसमोर लहानशी बाग आहे. दोन झोपाळे, लोखंडी कुंपण, एक कडुनिंब. त्या कडुनिंबाखाली ते रोज बसत. दोन वर्षं त्यांना पाहणारी माणसं शेवटपर्यंत "कुणाकडं आलाय?" असंच विचारत राहिली. कुंपणापलीकडे चारही बाजूंनी गाड्या, आणि गाड्यांमागे बंद दारं.

अण्णा वारले तेव्हा तुम्ही भावकीतले सगळे गावाहून जीप करून आलात. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सगळे मावेनात, आणि पार्किंगमध्ये बसायला सोसायटीने नाही म्हटलं. गावात घरासमोर अंथरतो तशी मी कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली. अण्णांची जागा ती. कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही.

तुम्ही टेकताच समोरच्या बंगल्यातले नाना आले. इथल्या मूळ गावकऱ्यांपैकी, बागेवर लक्ष ठेवणारे. आवाज न चढवता म्हणाले, "सर, ही बाग हाय. पोरं खेळत्यात हितं. सुतक घरात पाळायचं आस्तंय."

मी सांगायचा प्रयत्न केला. तोवर चालायला आलेल्या बायका वाट बदलून गेल्या आणि एकीने मुलाला झोपाळ्यावरून उतरवून नेलं. धाकट्या काकांनी सतरंजी झटकली. "बसायला जागा न्हाई, अन् म्हणं शहर," एवढंच म्हणाले. मग दुचाक्यांच्या रांगेत उभ्या उभ्याच तुम्ही माझं सांत्वन केलंत.

तेव्हापासून मी त्या बागेत गेलो नाही. नाना दिसले की रस्ता बदलायचो.

गेल्या महिन्यात त्यांची बायको गेली. बंगल्यापुढे भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या, बऱ्याच रिकाम्या. मी भाजी घेऊन परतत होतो. पिशवी जिन्यात ठेवली आणि उलटा फिरलो. नानांसमोर जमिनीवर बसलो.

"सर, खुर्ची घ्या की," ते म्हणाले.

"आमच्याकडं खालीच बसतात."

थोड्या वेळाने तेही खुर्चीवरून खाली उतरले. त्यांना बोलावंसं वाटत होतं, ते दिसत होतं. मी मान वर केली नाही.

मी त्यांना माफ केलेलं नाही, काकांना सांगा. पण ज्याचं तोंड पाहू नये, त्याच्याही दारी दुःखाला बसायला जावंच लागतं, असं आजवर मला फक्त आपल्या गावात वाटायचं.