बोलावण्यात आलेलं नाव

आधीच सांगते. भूत, करणी, अंगात येणं, यातलं काहीही मी मानत नाही. अंगात येणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. निम्म्या जणींना एरवी सासूसमोर तोंड उघडायची हिंमत नसते, म्हणून अंगात आणतात. नात मला या ग्रुपवरचे अनुभव वाचून दाखवते, तेव्हा मी म्हणते, यांना पित्ताची गोळी घ्यायला सांग. तरीपण... माझ्या स्वतःच्या तोंडाचं जे आहे, ते मला अजून उलगडलेलं नाही. मी चौथी शिकलेली बाई. जमेल तसं कागदावर लिहिलं, नातीने मोबाईलवर उतरवलं. मध्ये तिने थोडी शोभा आणायला बघितली, ती खोडायला लावली.

माझं माहेर अंजूर, भिवंडी तालुका. आता मानकोलीवरून आत वळलं की गोदामंच गोदामं दिसतात. माझ्या लहानपणी तिथे खारजमीन होती — खाडीच्या कडेची भातखाचरं, आणि भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध.

माझी आत्या धवलारीण होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. आमच्या आगरी लग्नात धवलारीण गाण्यातून देवांना बोलावते, आणि आमच्या घराण्यात देवांनंतर घरातल्या मेलेल्या माणसांनाही बोलावतात. एकेकाचं नाव घेऊन, चालीत. नाव घेतलं की घरातली सगळ्यात मोठी बाई "आला" नाहीतर "आली" म्हणते, आणि त्या माणसाच्या नावाच्या पानावर चिमूटभर तांदूळ ठेवते. जित्या माणसाचं नाव या बोलावण्यात चुकूनही घ्यायचं नाही. घेतलं तर तो माणूस जातो, अशी समजूत. म्हणून धवलारीण आधी घरच्या बाईकडून नावं नीट विचारून घेते.

माझा बापूस मी रांगत असतानाच वारला. आई काकाच्या घरात राहून आमच्या वाटणीचं शेत करायची. तिचं नाव बायजा. एका पावसाळ्याच्या शेवटी ती दिसेनाशी झाली. काकाने सांगितलं, भिवंडीत लूमवर माग दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरबरोबर पळाली. गावाने मानलं, मीही मानलं. शाळेत पोरं मला "पळालीची" म्हणून हाक मारायची आणि मी ओ द्यायची.

पुढच्या उन्हाळ्यात काकाच्या मुलीचं लग्न निघालं. आत्या गात होती, मी मागे बसून तिच्या सुरात सूर देत होते. आजोबाचं नाव झालं. काकी म्हणाली, "आला." आजीचं झालं — "आली." माझ्या बापाचं झालं — "आला." आत्या श्वास घ्यायला थांबली, आणि माझ्या तोंडातून नाव आलं. बायजा. अगदी चालीत. मी घ्यायचं ठरवलं नव्हतं, मनात काही नव्हतं. ठसका लागतो तसं ते आलं.

आणि काकी म्हणाली, "आली."

म्हणाली आणि चिमटीतले तांदूळ तसेच धरून बसली.

मग जे व्हायचं ते झालं. "जित्या आयशीला मारतंस?" म्हणत काकाने मला केसांना धरून मांडवाबाहेर ओढलं. भगताला आणलं. हिच्या जिभेवर कायतरी बसलंय असं तो म्हणाला आणि त्याने तापल्या विळ्याने माझा डावा हात डागला. जीभ सोडून हात का, ते त्यालाच माहीत. शाळा सुटली. पुढे वयात आल्याबरोबर मला खाली पेणकडे देऊन टाकलं, आणि माहेर संपलं.

गावाला माझं तोंड लक्षात राहिलं. मला काकीचं राहिलं. जित्या माणसाच्या नावाला आमच्यातली बाई "आली" म्हणणारच नाही. काकी का म्हणाली? ओळीने नावं चालली होती म्हणून सवयीने म्हणाली असेल, तर आई जिवंत होती आणि मला टाकून गेली होती. पण तिला ठाऊक होतं म्हणून म्हणाली असेल, तर आई मेली होती आणि तिने मला टाकलेलं नव्हतं. माझी लग्नाची पोरं झाली, नवरा गेला, नातवंडं झाली, तरी हे एवढं एक काही सुटलं नाही.

सासरी मीही धवलारीण झाले. आवाज होता आणि घरात गरज होती. एरवी सगळं सरळ चालायचं, पण कधीतरी तो ठसका यायचा. एका लग्नात मी एक नाव घेतलं आणि घरची बाई माझ्यावर धावून आली — तो तिचा दीर, मासेमारीच्या बोटीवर गेलेला, सकाळीच त्याचा फोन आलेला. जेवणं उठायच्या आधी दुसरा फोन आला, तो गेल्याचा. तेव्हापासून लोक हरवलेल्या पोरांचे फोटो घेऊन माझ्या दारात यायला लागले. मी त्यांना सांगते, मी ज्योतिषी नाही. चहा घ्या आणि पोलिसात जा.

गेल्या लग्नसराईत एका बाईचा फोन आला.

"मावशी, माझ्या पोराचं लग्न हाय. आमच्या भागात धवलारीण उरलीच नाय हो. डीजेवाला कधीपण मिळतो, तुम्ही नाय मिळत. गाडी पाठवते."

"गाव कुठलं?"

"अंजूर. भिवंडीच्या हिकडं."

"घरात मोठं कोण?"

"सासूबाई. नामीबाई. थकल्यात, पण कान शाबूत हायेत."

नामी हे माझ्या काकीचं नाव. मी म्हटलं, गाडी पाठव.

मानकोलीला कंटेनरच्या रांगेत गाडी बराच वेळ अडकली. जुन्या घराच्या जागी तीन मजली इमारत होती, जिन्याला स्टीलचे कठडे, दारात काकाचा हार घातलेला फोटो. घराच्या मागे खारजमीन होती तिथे निळ्या पत्र्यांची गोदामं, पार खाडीपर्यंत. फोन करणारी बाई म्हणजे काकीची सून सुनंदा. बाई बरी होती. तिने मला गरम चहा दिला आणि मांडवात काकीच्या शेजारी बसवलं. काकी प्लास्टिकच्या खुर्चीत होती. डोळे गेल्यातच जमा.

"कंचे गावची गो तू?"

"पेणकडची."

"आन् म्हायेर?"

"हेच. बायजाची जनी मी."

तिने माझा डावा हात चाचपला. डागावर बोट आलं तसं थांबलं.

"म्हातारी झालीस गो."

"तू पण मेली नाहीस अजून."

सुनंदा हसली. तिला वाटलं, जुन्या ओळखीची थट्टा चाललीय. ती हळदीची ताटं बघायला आत गेली, तसं मी विचारलं, "माझी आयस कुठे गेली, काकी?"

"पलाली. सगल्या गावाला ठावं हाय."

"मग तेव्हा तू 'आली' का म्हणालीस?"

"सवय, बाय. तोंडाची सवय." एवढं बोलून तिने सुनंदाला हाक मारली, मिश्रीची डबी मागितली आणि माझ्याकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावणं सुरू केलं. सुनंदाने नावं सांगितली होती. त्यात काका होता, माझा बापूस होता, आई नव्हती. मी तांदळाच्या पिठाचा चौक काढला, पानं मांडली. देव झाले. माणसं सुरू केली. काकी एकेका नावाला उत्तर देत होती, आवाज बारीक पण चोख.

मग मी आईचं नाव घेतलं. या वेळी मुद्दाम, चांगला गळा उघडून.

काकीने ओठ घट्ट मिटले. तांदूळ चिमटीत. बाहेर डीजेवाली पोरं "हॅलो, माइक चेक" करत होती, ते सगळं ऐकू येत होतं. मी थांबले. ती बोलली नाही.

म्हणजे सवयच होती, मला वाटलं. आई जिवंतपणी गेली. मला तिथे ठेवून गेली. एवढं ऐकायला आपण या वयात इथवर आलो. ठीक आहे, म्हटलं, काम संपवू आणि जाऊ. शेवटची ओळ गायला मी तोंड उघडलं आणि ठसका आला.

नामी.

वाचणारे म्हणतील, म्हातारीने सूड घेतला. सूड घ्यायचा असता तर पहिलं नाव तिचंच घेतलं असतं. मी घेतलं नाही. ते आलं.

"आली," काकी म्हणाली. आणि रिकाम्या पानावर तांदूळ ठेवले.

मागे कुणीतरी पोरगी फिसकन हसली. मग सुनंदा ओरडली, "अहो, काय करताय हे? सासूबाई जित्या हायेत माझ्या!" तिचा नवरा धावत आला. "उठवा हिला! बाहेर काढा!"

काकीने हात वर केला. "थांब रे. ह्या तोंडान् घेतलंय. आता काय ऱ्हातंय? जने, हिकडं ये."

मी जवळ गेले. कालवणात काय काय घातलं ते सांगावं, अशा आवाजात ती सांगायला लागली. मुलगा आणि सून ऐकत उभे होते.

"जमिनीच्या कागदाला अंगठा देत नव्हती ती. तुज्या काकान फावड्याचा दांडा घातला. येकच. बांधाला खांड पडलेली, पानी शेतात घुसत होतं. सांजच्या भरतीच्या आधी बुजवाची होती. तिलाच घातली खांडीत. त्यो वरून ढेकलं टाकी, मी चिखल देत होते."

"तवा मेली होती ना ती?" मी विचारलं.

काकीने पदराने तोंड पुसलं. "माती लय घातली आमी," ती म्हणाली.

मी परत विचारलं नाही. तिने चिमटीत नवे तांदूळ घेतले. "घे तिचं नाव."

मी घेतलं. माझा आवाज फाटला, ते लपवत नाही.

"आली," काकी म्हणाली आणि पानावर तांदूळ ठेवले.

मग तिला आत नेऊन निजवलं. नवऱ्यामुलाला लावायची हळद अजून कालवायची होती, तेवढ्यात ती गेली. डॉक्टर म्हणाला, वय झालेलं, हृदय बंद पडलं. बरोबरच असेल. लग्न पुढे ढकललं. सुनंदाचा नवरा, माझा चुलतभाऊ, मला म्हणाला, "आमच्या दारात परत दिसू नकोस." सुनंदा माझ्या तोंडाकडे बघायचं टाळत होती. मला त्यांच्यावर राग नाही. काकीसाठी रडूही आलं नाही.

पिशवी उचलली आणि घरामागे चालत गेले. तो बांध कुठे होता ते मला डोळे झाकून सांगता येतं. आई गेल्यानंतर, त्या लग्नापर्यंत, काकाला शेतावर भाकरी मीच न्यायची. डोक्यावर टोपली, त्याच बांधावरून, रोज. बुजवलेली खांड इतर बांधापेक्षा काळी दिसायची आणि पायाला मऊ लागायची. मला तिथून चालायला आवडायचं.

आता तिथे भराव, त्यावर गोदाम आणि मोठं सरकतं गेट. वॉचमन उत्तरेकडचा होता, तरुण.

"किधर जाना है, अम्मा?"

"अंदर. मेरी माँ उधर है."

"पैकिंग में है क्या?"

"नहीं. नीचे है."

"नीचे तो कुछ नहीं है, अम्मा." त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, पण पोरगा समजूतदार होता, हसला नाही. "कौन सी शिफ्ट में आई थी?"

"शाम की."

"तो बैठो. छूटेगी तो इधर से ही निकलेगी." त्याने आपली खुर्ची मला दिली.

मी बसले. पदराच्या गाठीत बोलावण्यातले थोडे तांदूळ बांधून आणले होते, ते गेटच्या रुळाशी ठेवले. थोड्या वेळाने कंटेनर आला, गेट सरकलं, तांदूळ चाकाखाली गेले.

माझा जावई शिकलेला आहे. तो म्हणतो, लहानपणी तुम्ही काहीतरी पाहिलं असणार, ते मनात राहिलं आणि बाहेर आलं. असेल. आईपुरतं मी ते मान्यही करीन. पण बोटीवरचा तो माणूस मी कधी पाहिला होता? आणि नामीकाकी तर समोर जिती बसली होती, तांदूळ हातात घेऊन. तुमच्यापैकी कुणाला उलगडलं तर सांगा. गंडेदोरे सुचवू नका.

धवले गायला मी आता जात नाही. घरात आपल्याच माणसांना हाक मारतानासुद्धा आधी तोंड मिटून बघते, नाव मी घेतेय की येतंय. आई मला टाकून गेली नव्हती, एवढं मला मिळालं. ती तिथेच होती, आणि मी रोज तिच्यावरून चालत जायची.