विचारायचं राहिलं

माझं लग्न जमलं तेव्हा मी शाळेत आठवीच्या वर्गावर शिकवत होते. संध्याकाळी घरी आले तर आई मागच्या वाडीत केळीची सुकलेली पानं काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "जमलं गं." आणि पुन्हा कोयता चालवायला लागली.

मुलाला मी दोनदा भेटले होते. नको म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं. आमच्याच समाजातला, दोन गावं सोडून राहणारा, कॉलेजात गणित शिकवणारा, बोलायला बेताचा. घरचे खूश होते, मीही बहुधा खूश होते. पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. वह्या तपासायला घ्यायच्या, चार तपासून उठायचं, ओट्यावर जाऊन पाणी प्यायचं, वाडीत एक चक्कर मारायची, परत यायचं. आई म्हणायची, मुंग्या चावतात का तुला.

त्याच सुमारास मी एका नादाला लागले होते. स्टाफरूममधल्या माझ्या शेजारणीने तो लावला. ती विज्ञान शिकवते, तुळिंजला राहते, आणि घरच्या सगळ्या रगाड्यातून वेळ काढून एकाच प्रकारची पुस्तकं वाचते. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या प्रेमकथा आजच्या काळात आणून नव्याने लिहिलेली. मूळ कादंबऱ्या मला कॉलेजात अभ्यासाला होत्या, तेव्हा ते नाच, त्या बग्ग्या आणि ते सरदार बघून जांभया यायच्या. पण या नव्या पुस्तकांनी मला धरलं ते सोडलंच नाही. एकात नायिका बेकरी चालवते, एकात ती नर्स आहे, एकात अख्खं कुटुंब परदेशात हॉटेल काढून बसलंय. मुलींच्या लग्नाच्या चिंतेने सगळ्यांचा जीव खाणारी आई मात्र प्रत्येक पुस्तकात तीच. कुठल्याही देशात, कुठल्याही कपड्यांत मी तिला लगेच ओळखायचे.

"शेवट माहीतच असतो ना यार," शेजारीण म्हणायची, "म्हणून तर टेन्शन नाही. डोकं बाजूला ठेवायचं आणि वाचायचं."

माझं उलट व्हायचं. शेवट ठरलेला आहे, पण तो आपोआप होत नाही, यानेच मी अस्वस्थ व्हायचे. कथा कितीही जुनी असो, प्रत्येक वेळी त्या दोघांपैकी कोणाला तरी तोंड उघडून विचारावंच लागतं. विचारणारा पहिल्यांदा हमखास घोळ घालतो. ती ठणकावून नाही म्हणते. मग बरंच काही होतं आणि तो पुन्हा, या वेळी शहाण्यासारखं, विचारतो. मी तीच दोन पानं शोधत पुस्तकामागून पुस्तक संपवत होते. मधलं काही चाळून टाकायचे.

एकदा एका जुन्या वळणाच्या पुस्तकात शेजारीण अडली. "हे काय असतं गं? लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात म्हणे."

"आमच्याकडे अजून वाचतात," मी म्हणाले. "माझं येत्या रविवारी सुरू."

नव्या पुस्तकांतून ही प्रथा कालबाह्य म्हणून काढून टाकतात, आणि मी त्यातच उभी होते. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपताना फादरांनी आमची दोघांची नावं वाचली आणि या विवाहाला कोणाची हरकत असेल तर कळवावं, असं सांगितलं. पुढच्या बाकावरच्या बायका वळून माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. आतून मात्र मला भयंकर राग आला. सगळ्या गावाला विचारताय, मला कोण विचारणार?

खरं म्हणजे मला विचारलं होतं. आधी फादरांनी दोघांना वेगवेगळं बोलावून विचारलं होतं, "तुझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही ना?" मी म्हणाले, "नाही, फादर." जबरदस्ती नव्हतीच. पण माझ्या लग्नाबद्दल मी आतापर्यंत उच्चारलेला एकमेव शब्द 'नाही' होता, हे माझ्या ध्यानात आलं आणि माझी झोप उडाली. पाऊस पडला, दूध नासलं, लग्न जमलं. या वाक्यांत माणूसच नाही. भाषा शिकवते मी, आणि एवढं मला इतक्या उशिरा दिसलं.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं निर्मळला आईच्या मावशीला आमंत्रण द्यायला गेलो. तिने चहा दिला, केळ्यांची फणी दिली, तुमचं छान जमलं म्हणाली. स्कूटरवरून परत निघालो. तळ्यापाशी मी त्याच्या खांद्यावर टकटक केलं. "थांबव जरा."

त्याने स्कूटर बाजूला घेतली. "काय झालं? काही राहिलं का तिकडे?"

"विचारायचं राहिलं," मी म्हणाले. "तुला माझ्याशी लग्न करायचंय?"

त्याने हेल्मेट काढलं. मग म्हणाला, "मला पण कोणी विचारलं नव्हतं. पप्पा म्हणाले, जमलं. एक मिनिट दे मला." आणि तो खरोखरच विचार करायला तळ्याच्या काठाकडे चालत गेला.

मी केळ्यांची फणी घेऊन स्कूटरपाशी उभी राहिले. माझ्या सगळ्या पुस्तकांत नकार देणारी ती असते. हा नाही म्हणू शकतो, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याची पाठ दिसत होती, शर्ट मागून चुरगळलेला होता, आणि त्याने नाही म्हणू नये असं मला इतकं तीव्रपणे वाटलं की माझीच मला भीती वाटली. इतके दिवस कुठे होतं हे?

तो परत आला. "हो," म्हणाला. "करायचंय. पक्कं." मग मला वाटलं आता हेल्मेट घालेल, पण त्याने ते हातातच ठेवलं. "आणि तुला?"

मला कोणी विचारत नाही म्हणून मी घरभर धुसफुसत फिरले होते, आणि उत्तर मात्र कधी तयारच केलं नव्हतं. तो वाट बघत होता. घाई करत नव्हता. पुस्तकांत या ठिकाणी ती पानभर बोलते.

"हो," मी म्हणाले. शेजारून एक टेम्पो गेला.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "परत बोल."

मी परत बोलले, या वेळी मोठ्याने.